शब्दचर्चा : इनामगावला गाव म्हणावं की नगर?

विचारणा
इनामगावच्या उत्खननावर लिहिताना अडलोय. घोड नदीकाठची ताम्रपाषाणयुगीन वस्ती, पोटापाण्याचं साधन शेती. पण पाण्याला पाट, पुराला बांध, कारागिरांची घरं, प्रमुखाचं पाच खोल्यांचं घर आणि त्याला लागून कोठार! 'गाव' थिटं वाटतं, 'नगर' अंमळ जास्तच. मधला शब्द सुचवा.

प्रतिसाद
मधल्या शब्दांना तोटा नाही. कौटिल्य १० गावांत एक संग्रहण, २०० गावांत खार्वटिक, ४०० गावांत द्रोणमुख आणि ८०० गावांत स्थानीय वसवायला सांगतो. पण ही सगळी राज्यकारभाराची नावं. इनामगावला ती चिकटवलीत, तर तिथे नसलेलं राज्यही येऊन बसेल.

विचारणा
मग तटबंदीवरून ठरवता येईल?

प्रतिसाद
तिथेच तर गोची आहे. आपण ज्याला अस्सल ग्रामीण समजतो ते 'खेडं' आलंय 'खेट'वरून, आणि जुन्या जैन ग्रंथांत खेट म्हणजे मातीच्या तटाची वस्ती. गावालाही गावकूस असतंच की.

आणखी एक प्रतिसाद
ही घासाघीस जुनीच आहे. पाणिनीच्या 'प्राचां ग्रामनगराणाम्' (७.३.१४) या सूत्रात दोन्ही शब्द आहेत. त्यावर पतंजलीच्या महाभाष्यात शंका निघते, की ग्राम म्हटल्यावर नगर आलंच, मग वेगळं कशाला? दाखला फर्मास आहे: 'ग्राम्य' कोंबडा खाऊ नये म्हटलं, म्हणून नगरातला कोंबडा चालतो असं कोणी समजत नाही. (कोंबड्याचं मत कोणी विचारलेलं नाही.)

नुसत्या लोकसंख्येवरही जाऊ नका. तुर्कस्तानातलं चाताल्हुयुक बघा, नवाश्मयुगातली वस्ती. हजारो माणसं, घराला घर इतकं खेटून की मध्ये गल्लीच नाही. छतावरून चालायचं आणि शिडीने आत उतरायचं. दाटी शहराची, धंदा शेती आणि गुरं. राजवाडा सापडलेला नाही. आपल्या जनगणनेची नगराची कसोटी लावली, म्हणजे किमान ५,००० वस्ती, दर चौ. किमी.ला ४०० माणसं आणि ७५ टक्के पुरुष कामकरी शेतीबाहेर, तर दाटीत ते सहज पास होईल आणि धंद्यात नापास.

विचारणा
म्हणजे 'गाव'च लिहू?

प्रतिसाद
'पंचक्रोशीतलं मोठं गाव' लिहा आणि पुढच्याच वाक्यात ते कोठार येऊ द्या. 'अर्धनागरी' मात्र नको, त्यातून दुसरा अर्धा काय होता ते कळत नाही.