स्ट्रोमायचं मौन

बेल्जियन गायक स्ट्रोमायबद्दल कुणीतरी म्हटलं, 'एका गाण्याचा धनी, २०१५ नंतर संपला'. हे मत मला अजिबात पटत नाही.

त्याचं 'आलॉर ऑं दांस' हे गाणं २०१० मध्ये युरोपभर पहिल्या क्रमांकावर होतं, हे खरं. पण स्ट्रोमायची खरी ताकद २०१३ च्या 'रासीन कारे' अल्बममध्ये आहे. त्यातलं 'पापाउताई' हे हरवलेल्या बापाला शोधणारं गाणं. स्ट्रोमायचे वडील रवांडाचे, १९९४ च्या नरसंहारात मारले गेले. आई बेल्जियन, तिनेच मुलांना वाढवलं. हे माहीत झाल्यावर त्या ठेक्यावर पाय थिरकतात आणि घशात आवंढाही येतो. 'फॉर्मिदाब्ल'चा व्हिडिओ तर ब्रसेल्समधल्या ट्राम थांब्यावर छुप्या कॅमेऱ्यांनी टिपलेला. दारुड्याचं सोंग इतकं हुबेहूब की पोलिसांनी येऊन विचारपूस केली!

२०१५ मध्ये दौऱ्याची सांगता त्याने किगालीत, म्हणजे वडिलांच्या देशात केली. मग तो थांबला, पण लोकांनी पाठ फिरवली म्हणून नव्हे. त्या दौऱ्यात घेतलेल्या मलेरियाच्या गोळ्यांनी त्याच्या मनावर भयंकर परिणाम केला होता, शिवाय कामाचा अतोनात थकवा. हे त्याने स्वतः सांगितलंय.

जानेवारी २०२२ मध्ये फ्रेंच वाहिनीच्या रात्रीच्या बातम्यांत त्याला एकटेपणाबद्दल विचारलं, तर उत्तरादाखल त्याने तिथेच 'लाँफेर' (म्हणजे नरक) हे गाणं गायलं. आत्महत्येच्या विचारांबद्दल इतकं थेट गाणारा लोकप्रिय गायक मी दुसरा पाहिला नाही. २०२३ मध्ये तब्येतीमुळे पुन्हा दौरा रद्द झाला. अशा माणसाला 'संपला' म्हणू नका. आधी 'म्युल्तित्यूद' हा अल्बम सलग ऐका.