लिथगोच्या १९४२ सालच्या थ्री-नॉट-थ्रीला कापलेले लाकूड परत द्यावे का?

डोंगरवाट (बाथर्स्ट, न्यू साउथ वेल्स) यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार. आमच्या शेजारचे वृद्ध मेंढपाळ गेल्या वर्षी वारले आणि त्यांच्या मुलाने घरातील जुनी रायफल रीतसर कागदपत्रे करून माझ्या परवान्यावर चढवून दिली. दस्ता जिथे पोलादाला मिळतो, त्या कड्याच्या उजव्या अंगावर ‘लिथगो’ हे नाव, ‘मार्क तीन’ या नमुन्याच्या नावापुढची तारका आणि १९४२ हे साल स्पष्ट वाचता येते. आपल्याकडे जिला सगळे थ्री-नॉट-थ्री म्हणतात, तीच ही ली-एनफिल्ड रायफल असून ती आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावरील गावात घडलेली आहे.

तिची अवस्था मात्र पाहवत नाही. नळीखालचे लांब लाकूड निम्म्यावर कापून त्याचे टोक गोल घासलेले आहे. नळीवरची लाकडी आवरणे, मधला पट्टा आणि संगीन अडकवण्याची पोलादी टोपी यांचा पत्ता नाही. दस्त्यावर पिवळट वार्निशचा जाड थर आहे आणि रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या पोलादी सांगाड्याच्या, डाव्या बाजूस गंजाचे बारीक खड्डे पडले आहेत. बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, मुठीवरचा क्रमांक रिसीव्हरवरच्या क्रमांकाशी जुळतो, एवढीच समाधानाची गोष्ट. माझे पणजोबा मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात लढायला गेले होते आणि त्यांच्या हातीही याच कुळातील रायफल होती. म्हणून तिला मूळ रूप द्यावे असे मनापासून वाटते. ते करणे योग्य ठरेल का, आणि सुरुवात कोठून करावी?

जुनेपोलाद यांचे उत्तर

सुरुवात मोजपट्टीने करावी, हत्यारे त्यानंतर. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा हजारो रायफली स्वस्तात विकल्या गेल्या आणि ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका या देशांतील शिकाऱ्यांनी वजन कमी करण्यासाठी त्यांचे लाकूड कापले. ज्यांचे केवळ लाकूड गेले, त्यांना पूर्वरूप देता येते. ज्यांचे पोलाद कापले गेले, त्यांच्या बाबतीत खर्च आणि खोटेपणा दोन्ही वाढतात.

म्हणून रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट बंद करावा आणि साफसफाईची काठी नळीतून बोल्टच्या तोंडापर्यंत घालून लांबी मोजावी. मूळ नळी २५.२ इंच, म्हणजे ६४० मिलिमीटर असते. पुढचा नेम ज्या ठोकळ्यावर बसतो, तो नळीच्या टोकाशी जागच्या जागी आहे का, हेही पाहावे.

दुसरी चौकशी आपल्या राज्यापुरती फार महत्त्वाची आहे. न्यू साउथ वेल्समध्ये बराच काळ लष्करी मापाची रायफल खासगी व्यक्तीला बाळगता येत नसे. त्यामुळे तिथे याच रायफलींना लहान व्यासाच्या नळ्या बसवून, .३०३ च्या काडतुसाची मान आवळून तयार केलेले .३०३-२५ हे काडतूस वापरात आले. आपली रायफल त्यांपैकी निघाली, तर माझे स्पष्ट मत असे की तिला तशीच राहू द्यावी. तो बदल त्या प्रदेशाच्या कायद्यातून आणि मेंढपाळांच्या गरजेतून झालेला आहे. त्याला स्वतःचा इतिहास आहे आणि लष्करी लाकूड चढवून तो झाकणे मला पटत नाही. नळीचे माप परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडूनच तपासून घ्यावे.

तोवर सँडपेपर घरातून बाहेर ठेवावा. लाकडावरचे तपासनिसांचे ठसे केसाएवढ्या खोलीचे असतात आणि दहा मिनिटांच्या घासण्यात ते कायमचे जातात.

रंधा यांचे उत्तर

मी व्यवसायाने सुतार आहे आणि अशा चार रायफलींचे लाकूड दुरुस्त केले आहे. पहिल्या वेळी माझ्या हातून जे घडले ते आधी सांगतो, कारण तीच चूक जवळपास प्रत्येकाकडून होते. दस्ता एका लांब बोल्टने (हा नळी बंद करणाऱ्या बोल्टहून वेगळा, साधा पेचाचा बोल्ट) कसलेला असतो आणि मागची पितळी झडप उघडून लांब पेचकसाने तो फिरवता येतो, म्हणून मी सर्वांत आधी तोच सोडवायला घेतला. पहिल्याच अर्ध्या वळणाला ‘कट्’ असा आवाज आला आणि पुढच्या लाकडाची मागची कड उभी चिरली. त्या बोल्टचे टोक चौकोनी असते आणि ते कड्यातून पलीकडे येऊन पुढच्या लाकडातील एका पत्रीत अडकते, हे मला ठाऊक नव्हते. बोल्ट फिरला की ते चौकोनी टोक लाकूड फाडते. म्हणून आधी पुढचे लाकूड पूर्ण उतरवावे आणि मगच दस्त्याला हात लावावा.

आपल्या लाकडाचा मागचा तुकडा शाबूत आहे, ही मोठी जमेची बाजू मानावी. गोळी सुटताना बसणारा सगळा धक्का त्याच्याच आतल्या दोन खांद्यांवर येतो. युद्धकाळात लिथगोच्या कारखान्याने कोचवुड हे तुलनेने मऊ लाकूड वापरले आणि त्या खांद्यांवर तांब्याच्या लहान पट्ट्या बसवल्या. लाकूड उतरवल्यावर त्या पट्ट्या दिसल्या, तर मूळ तुकडा टाकून नवे अखंड लाकूड बसवण्याचा विचार सोडून द्यावा. दुसऱ्या एखाद्या मोडीत निघालेल्या लाकडाचा पुढचा भाग मिळवून तो या तुकड्याला जोडावा. सांधा तिरका किंवा पायरीचा घ्यावा आणि तो मधल्या पोलादी पट्ट्याखाली येईल असे मोजून कापावे. पट्टा चढला की जोड दिसत नाही. आपले लाकूड त्या पट्ट्याच्याही मागे कापलेले असेल, तर जोड उघडा राहील. तो उघडा ठेवावा, पण मागचा तुकडा आणखी कापू नये.

वार्निश काढण्यासाठी रंग उतरवण्याची पेस्ट आणि जाडे कापड पुरते. पोचे उठवायचे असतील, तर ओले सुती फडके ठेवून त्यावरून गरम इस्त्री क्षणभर फिरवावी. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. ठशांच्या जागी मात्र हे करू नये, कारण ठसा हाही लाकडाच्या दृष्टीने पोचाच असतो. शेवटी कच्चे जवसाचे तेल तळहाताने चोळावे, अर्ध्या तासाने उरलेले पुसून घ्यावे आणि काही दिवस थांबून पुन्हा तेच करावे. या कामाला आठवडे लागतात. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि अशी फडकी आपोआप पेट घेतात. ती पाण्यात बुडवून ठेवावीत.

डोंगरवाट

आपल्या सूचनेप्रमाणे मोजले. लांबी ६४० मिलिमीटर भरली, पुढचा नेम जागेवर आहे आणि माप .३०३ असल्याचे दुरुस्ती करणाऱ्याने तपासून सांगितले. लाकूड मधल्या पट्ट्याच्या जागेपुढे दोन बोटे कापलेले आहे आणि आत तांब्याच्या दोन्ही पट्ट्या आहेत. त्या हिरव्या पडल्या आहेत, पण घट्ट आहेत. आता गंजाचे काय करावे, आणि पुढे ती चांदमारीवर नेता येईल का?

चांदमारी यांचे उत्तर

गंजाच्या खड्ड्यांना कानस लावू नये आणि पोलादाला नव्याने काळा-निळा मुलामाही देऊ नये. हलके तेल आणि अगदी बारीक स्टील वूल यांनी सुटा लाल गंज तेवढा काढावा. खड्डे राहतील, ते राहू द्यावेत. ते बुजवायला गेले की शेजारचे आकडे आणि खुणाही जातात.

चांदमारीपूर्वी हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचे तोंड आणि काडतुसाची कड जिथे टेकते ती जागा यांतील अंतर, मोजून घेणे अनिवार्य आहे, मग क्रमांक जुळोत वा न जुळोत. या काडतुसाला कड असते आणि बोल्ट त्या कडेला किती जवळ बसतो, यावर सगळी सुरक्षितता अवलंबून असते. ०.०६४ इंचाच्या गेजवर (काडतुसाच्या जागी घालायच्या मापाच्या ठोकळीवर) बोल्ट बंद झाला पाहिजे आणि ०.०७४ इंचाच्या गेजवर तो बंद होता कामा नये.

नळी आतून खाल्लेली दिसली, तर त्याचे कारण बहुधा जुन्या लष्करी काडतुसांत सापडेल. त्या काळच्या काडतुसांच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे आणि ते जळाल्यावर उरणारा क्षार हवेतील ओल शोषून घेतो. तेलात तो विरघळत नाही. आपल्या खडकीच्या कारखान्याची ‘के एफ’ अशी खूण असलेली काडतुसे आजही परदेशातील संग्राहकांकडे दिसतात. ती जपून ठेवण्यासाठी उत्तम आहेत, झाडण्यासाठी आज तयार होणारी काडतुसेच घ्यावीत. जुनी वापरलीच, तर त्याच दिवशी नळीतून उकळते पाणी ओतावे, नळी कोरडी करावी आणि मगच तेल लावावे.

रंधा

दोन बोटे पुढे कापलेले आहे म्हणजे सांधा पट्ट्याखाली नक्की बसेल. एवढी एकच विनंती आहे की जोडलेल्या नव्या भागावर जुने ठसे उमटवून घेऊ नयेत. सांध्याच्या आतल्या, नळीकडच्या बाजूस पेन्सिलने काम केल्याचे साल लिहावे आणि कापताना निघालेला गोल टोकाचा तुकडा त्या मेंढपाळाच्या नावाची चिठ्ठी बांधून ठेवून द्यावा.