मंगळाची हवा इतकी विरळ, मग स्पेक्ट्रममध्ये सापडते कशी?

खोक्यातला_सूर्य: रविवारी लेकीबरोबर बुटाच्या खोक्याचा स्पेक्ट्रोस्कोप (उजेडाचे रंग सुटे करून त्यांचा पट्टा, म्हणजे स्पेक्ट्रम, दाखवणारं साधन) केला, डीव्हीडीचा तुकडा आणि दोन ब्लेडची फट, आभाळाकडे धरला तर रंगांच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा, म्हणजे वायूंनी गिळलेले रंग, खरंच दिसल्या! ती म्हणाली मंगळाची हवा पण अशीच बघतात का? हो म्हणालो, पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मंगळावर दाब जेमतेम ६ मिलिबार, आपल्याकडे हजारावर, आणि तिथला उजेड येणार आपल्याच हवेतून. मग पाण्याची वाफ त्याची की आपली, ओळखायचं कसं?

गच्चीवरून: डॉप्लर परिणाम, म्हणजे वस्तू लांब जात असेल तर तिच्या रेषा लालकडे सरकतात. १९६३ च्या एप्रिलमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेतून हेच केलं. मंगळ तेव्हा आपल्यापासून लांब जात होता, सेकंदाला साधारण १५ किमी, त्यामुळे त्याच्या वाफेच्या रेषा लालकडे सरकलेल्या, ८२० नॅनोमीटर तरंगलांबीजवळ फक्त ०.०४ नॅनोमीटरने. आपल्या वाफेच्या जाड रेषेला चिकटून एक फिकट रेषा, बस. ती सगळी वाफ खाली बसवली तर थर होईल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, आणि तेवढी यांनी पृथ्वीवरून पकडली, मला तर अजून काटा येतो.

लंबक: आणि त्याच फोटोप्लेटच्या मदतीने मंगळावरच्या दाबाचाही अंदाज निघाला. कार्बन डायऑक्साइडच्या फिकट रेषा सांगतात वायू किती आहे, ठळक रेषांवर दाबाचाही परिणाम होतो, दोन्ही जुळवल्या की दाब मिळतो. आधी लोक ८५ मिलिबार धरून चालले होते, यांचा आकडा आला २५, मग १९६५ ला मरिनर ४ यानाने मंगळाच्या हवेतून आलेल्या रेडिओ लहरींवरून आणखी खाली आणला.

गच्चीवरून: आता ट्रेस गॅस ऑर्बिटर हे यान मंगळाभोवती फिरतं, सूर्य मंगळाच्या कडेआड जाताना हवेतून तिरपा येणारा उजेड बघतं, वाट लांब म्हणून विरळ वायूचीही रेषा उमटते. तुम्हीही करून बघा, मावळतीला आकाशाकडे धरा (सूर्याकडे थेट नको हं), गडद लालमध्ये ६८७ नॅनोमीटरजवळची रेषा दुपारपेक्षा ठळक दिसेल, ती सूर्याची नाहीच, आपल्या ऑक्सिजनची.

खोक्यातला_सूर्य: आत्ताच गच्चीवरून आलो. दिसली!! लेक खोकं सोडायला तयार नाही.