मदत हवी आहे : समोरच्या माणसाच्या आठवणीशी जोडता येईल असा, मन ओळखण्याचा पत्त्यांचा प्रयोग कोणता निवडावा?

नमस्कार,

गेली सहा वर्षे मी पत्त्यांचे प्रयोग करते आहे, तेही रंगमंचावर नव्हे, तर हाताच्या अंतरावर बसलेल्या दोन ते पाच माणसांसमोर. या काळात एक गोष्ट मला उत्तरोत्तर खटकू लागली आहे. मनात धरलेले पान मी ओळखून दाखवले की माणसे चकित होतात, दाद देतात आणि लगेच पत्त्यांचा जोड हातात घेऊन उलटसुलट करून पाहू लागतात, कारण जे काही घडले ते माझ्या बोटांत घडले अशी त्यांची खात्री असते. त्यांनी निवडलेली चौकट सत्ती त्यांची कधी झालेलीच नसते; तिच्या जागी किलवर अठ्ठी असती तरी त्यांना तितकेच नवल वाटले असते. मला असा एकच प्रयोग निवडून तो वर्षभर घोटायचा आहे, ज्यात समोरच्या माणसाची एखादी आठवण त्या पानात उतरेल आणि दुसरे कोणतेही पान तिथे चालले नसते असे त्याला वाटेल. निवड करताना मी अडकले आहे, म्हणून हा धागा.

माझी तयारी सांगते, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल. डबल लिफ्ट (दोन पाने एकच असल्यासारखी उचलणे), पिसताना पान वर राखणे आणि क्लासिक फोर्स (मला हवे तेच पान समोरच्याला नकळत निवडायला लावणे) मला बऱ्यापैकी जमतात. पास, म्हणजे जोडाचा वरचा आणि खालचा भाग गुपचूप अदलाबदल करणे, मात्र इतक्या जवळून करण्याएवढा सफाईदार नाही. बावन्न पानांचा एक क्रम पाठ आहे आणि कोणते पान कितव्या जागी आहे हे मी चटकन सांगू शकते. शक्यतो साधाच जोड वापरते. इन्व्हिजिबल डेकचा, म्हणजे सांगितलेले पान तेवढे उलटे निघणाऱ्या खास बनवलेल्या जोडाचा, विचार सोडून दिला आहे, कारण मन हेलावलेला माणूस ते पान हातात घेऊ पाहतो, कधी जपून ठेवण्यासाठी मागतो, आणि त्या जोडातले पान मोकळेपणाने देता येत नाही. दोन सह्या केलेली पाने एकरूप होण्याचा, जादूगार डॉक इझन यांच्यामुळे गाजलेला प्रयोग सुंदर आहे, पण तो जोडप्यांसाठी आहे आणि त्यात मन ओळखणे नाही.

माझा पहिला विचार जादूगार पॉल करी यांच्या 1942च्या 'आउट ऑफ धिस वर्ल्ड'चा होता. प्रेक्षक पानांकडे न पाहता, मनाला वाटेल तसे एकेक पान तांबड्या किंवा काळ्या गटात टाकत जातो आणि शेवटी दोन्ही रंग अचूक वेगळे झालेले दिसतात. बावन्न पानांतून सव्वीस पाने निवडण्याचे सुमारे 496 लाख कोटी प्रकार होतात आणि त्यांतला एकच बरोबर असतो. हा आकडा मी प्रयोगात सांगत नाही, कारण तो ऐकताच माणूस हिशेबात शिरतो. या प्रयोगाचे मोठे बळ असे की यश प्रेक्षकाचे असते आणि पाने वाटली जात असताना मी निवांतपणे त्याच्या चेहऱ्याकडे पाहू शकते. तरीही यात त्याच्या आयुष्यातले नेमके काही येत नाही. 'जिच्या शब्दावर तुमचा विश्वास आहे अशी एक व्यक्ती मनात आणा' एवढे म्हणून मी पाहिले; ते वाक्य वरून चिकटवल्यासारखे वाटले.

दुसरा पर्याय 'डू ॲज आय डू'चा. दोन जोड, दोन माणसे, दोघांनी पिसायचे, अदलाबदल करायची, एकेक पान निवडायचे आणि अखेरीस दोघांचे पान एकच निघते. ही कल्पना मला फार प्रिय आहे. पण मूळ रूपात त्या दोघांपैकी एक मी असते, आणि मला तर दोन बहिणींचे किंवा दोन जुन्या मित्रांचे पान जुळायला हवे आहे. तसे करायचे तर दोघांवरही पान फोर्स करावे लागते, आणि मग मोकळेपणाने पिसण्यातली सगळी शोभा निघून जाते.

तिसरा पर्याय माझा मीच बसवते आहे आणि खरी अडचण तिथेच आहे. जोडात बावन्न पाने, वर्षात बावन्न आठवडे. चार रंग म्हणजे चार तिमाह्या आणि प्रत्येक रंगाची तेरा पाने म्हणजे तिमाहीचे तेरा आठवडे. गुलाम, राणी आणि राजा यांना 11, 12 आणि 13 धरले तर सगळ्या पानांची बेरीज 364 होते आणि एका जोकरासह 365. प्रेक्षकाने विसरता न येणारा एक दिवस आठवायचा. तो जुलै संपून ऑगस्ट लागण्याच्या सुमाराचा असेल तर तिसऱ्या तिमाहीतला पाचवा आठवडा, आणि तिसरी तिमाही बदामाची धरली तर बदाम पंजी. मग त्या दिवशी आपण किती वर्षांचे होता, असे विचारायचे. उत्तर सतरा आले तर प्रेक्षकाने वरून मोजलेले सतरावे पान बदाम पंजी निघते. जादूगार डेव्हिड बर्गलास यांच्या नावाशी जोडलेल्या 'कोणतेही पान, कोणताही क्रमांक' या प्रकारातलाच हा प्रयोग. फक्त पान आणि क्रमांक दोन्ही एकाच आठवणीतून येतात.

अडचण अशी की आठवडा आणि वय कळल्यावर पाठ क्रमातल्या त्या पानाच्या जागेवरून मला मनात वजाबाकी करून जोड नेमक्या जागी काटावा, म्हणजे वरची पाने खाली न्यावी लागतात. ती वेळ म्हणजे नेमकी तीच, जेव्हा माणूस आपली आठवण सांगत असतो. तो डोळ्यांत पाहून बोलतो आणि माझी नजर पानांवर असते, किंवा नजर त्याच्यावर असली तरी मन आकड्यांत असते. एका वयस्क बाईंनी आपल्या पहिल्या पगाराचा दिवस सांगितला. पान अचूक निघाले, पण त्यांनी काय सांगितले ते मला नंतर आठवेना. हे मला मान्य होत नाही. लहानपणी उजवा हात गमावलेले अर्जेंटिनाचे जादूगार रेने लव्हांद एका हाताने, अतिशय संथपणे, गोष्ट सांगत पाने हाताळत. त्यांच्यात शब्द आणि हात एकमेकांच्या आड येत नसत. मला तसे साधायचे आहे.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना संकोच वाटतो. एकदा मी ओघात म्हणून गेले, 'ज्यांना आठवत आहात त्यांनाच पान निवडू द्या.' पान निघाल्यावर समोरच्या गृहस्थांनी हळूच विचारले, 'ती आहे का इथे?' त्यांची पत्नी काही महिन्यांपूर्वी गेली होती. ही हातचलाखी आहे हे मी तिथल्या तिथे सांगितले, तरी ते बराच वेळ गप्प होते. चूक माझ्या शब्दांची होती. माणसाचे मन हलावे असे मला मनापासून वाटते, पण त्याची दिशाभूल होऊन नव्हे.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे. आठवणीच्या प्रयोगात जोड काटण्याचे काम गोष्ट सुरू होण्यापूर्वी उरकता येईल अशी रचना कोणी बसवली आहे का? वय आधी विचारून आठवडा शेवटी घ्यावा, की प्रेक्षकाला दोन्ही आधी कागदावर लिहायला लावून आठवण पान उलटल्यानंतरच सांगू द्यावी? या दुसऱ्या वाटेने मला शांतपणे ऐकता येईल असे वाटते, पण कागद आला की माणूस सावध होतो, हाही अनुभव आहे. वय बावन्नच्या पुढे गेले तर काय करावे? 'डू ॲज आय डू' दोन प्रेक्षकांमध्ये, त्यांना खरोखर पिसू देऊन, कोणी करत असेल तर पद्धत उघड न करता केवळ ते शक्य आहे एवढे सांगितले तरी मी शोध घेईन.

आणि प्रयोगाच्या आरंभी, रंग न बिघडवता, हे अलौकिक काही नाही हे आपण कोणत्या शब्दांत सांगता? ते वाक्य जसेच्या तसे इथे लिहिलेत तर मी ते म्हणून पाहीन.