चाल, चौकटी आणि चढा सूर
'संगणकामुळे पार्श्वसंगीत सोपं झालं' हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. वाजवणं, जोडणं सोपं झालं खरं. पण संकलक दृश्याखाली तात्पुरतं म्हणून दुसऱ्याच कुणाचं संगीत लावतो, दिग्दर्शक ते महिनाभर ऐकतो आणि मग आम्हा संगीतकारांची कुठलीही चाल त्याला परकी वाटते. त्यावर अजून सॉफ्टवेअर निघालेलं नाही!

आणि हो, जुन्या डीव्हीडीवर कधीकधी सूर चढा वाटतो, तो भास नव्हे. सेकंदाला २४ फ्रेम्सचा (चौकटींचा) चित्रपट डीव्हीडीसाठी २५ ने चालवला की वेग सुमारे ४ टक्के वाढतो. सूर मुद्दाम खाली आणला नाही, तर पेटीच्या (काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून) जवळपास पाऊण पट्टीने वर जातो. मला तरी ते फार टोचतं.