बाप जाऊन जेमतेम तीन महिने झाले, अन् प्रेम? तेही पोरीशीच?

आर्णीकर
काल इथं पडलेली ती गोष्ट वाचली. आमच्या यवतमाळकडची सतरा वर्षांची पोरगी. फेब्रुवारीत बाप आत्महत्या करतो, ती बारावीचे पेपर देऊन मामाकडे गडचिरोलीला जाते, तेंदूपानं गोळा करायच्या फळीवर शेजारची मुलगी भेटते आणि झालं, प्रेम! खाली कमेंटींत बदामांचा पाऊस. माझं डोकंच फिरलं. मरण आमचं वापरायचं आणि थेरं शहरातली घुसवायची. पोरीला आधार हवा असतो हो, त्याला लगेच प्रेम कसलं म्हणता?

वरुडची संत्री
हीच पोरगी मामाच्या गावात एखाद्या मुलाच्या प्रेमात पडली असती तर धागा काढला असता का? 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंध कलम 377 च्या गुन्ह्यातून काढले. तुम्ही अजून तिथंच.

आर्णीकर
त्याच कोर्टानं 2023 ला लग्नाला नाही म्हटलं, ते सोयीनं विसरा.

झाडीपट्टी
प्रेमाचं तुम्ही बघा. पण गोष्टीत तेंदूच्या पुड्यात पन्नास पानं? ती मध्य प्रदेशात. आमच्याकडे सत्तर. आणि मेअखेर मोहफुलं वेचताहेत! मोह मार्च-एप्रिलात पडून जातो.

पऱ्हाटी
ते सोडा. गोष्टीत बाप गेल्यावर आठ दिवसांत सरकारी मदतीचा चेक? कोनत्या जिल्ह्यात बाप्पा? माह्या काकाची केस अपात्र झाली. काहून, तं सातबारा आज्याच्या नावानं. काकूनं किती चकरा मारल्या, दर वेळी साहेब मीटिंगमध्ये. अन् पात्र झालं तरी लाखातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत.

आर्णीकर
आमच्या गावात दोघांना वेळेवर मिळाले. कागद नीट लागतात.

पऱ्हाटी
कागद? मानूस गेला त्याचा कागद लागते का तुम्हाले? तुमचा सरपंच घरचा असंल!

आर्णीकर
तोंड सांभाळून.

वाळ्याचा पडदा
भांडून झालं असेल तर सांगते. मी वर्ध्याजवळच्या खेड्यात राहते, पुण्यात नाही. 1996 च्या एप्रिलात आई गेली तेव्हा मी सतराची होते. भेटायला येणाऱ्या बाया गळ्यात पडून मला रडवून जायच्या. एक मुलगी मात्र आली ती कुरोड्या घालायला, कारण आईनं भिजवलेला गहू तसाच पडला होता. काही बोलली नाही, चीक घोटत बसली. तिच्या मनगटावर तो वाळून पापुद्रा धरला होता. मी नखानं हळूहळू काढला, तिनं हात मागे घेतला नाही. याला काय म्हणतात ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मांडवात मी हमसून रडले, सगळ्यांना वाटलं आईची आठवण आली. मीही वाटू दिलं.

वरुडची संत्री
ताई…

आर्णीकर
बरं. तुमचं खरं असेल, ताई. तुम्हाला खोटं म्हणायची माझी छाती नाही. पण त्या लेखिकेनं बापाला दोन ओळींत उरकलं, ते मी माफ करणार नाही.

झाडीपट्टी
आणि पानं सत्तर.

पऱ्हाटी
काकूचा अर्ज पुन्हा कुठं द्यावा लागते, कोनी सांगंल का?