टॅबचे नेमके मॉडेल कसे ओळखावे?

खानापूरकर:
पुतण्याने वापरलेला सॅमसंगचा टॅब माझ्याकडे आला असून त्याचे खोके हरवले आहे. बेळगावात खडे बाजारात त्यासाठी कव्हर मागितले, तेव्हा दुकानदाराने ‘गॅलेक्सी टॅब ए १०.१, पण कोणता?’ असे विचारले आणि मी निरुत्तर झालो. सेटिंग्ज कन्नडमध्ये आहेत; मला कन्नड बोलता येते, मात्र वाचताना अडखळतो.

निपाणीकर:
दुकानदाराचा प्रश्न रास्त आहे, कारण याच नावाचे टॅब २०१६ आणि २०१९ अशा दोन वर्षी आले. पहिल्याला पडद्याखाली दाबायचे होम बटण असून चार्जिंगला मायक्रो-यूएसबी पिन लागते. दुसऱ्याला ते बटण नाही आणि पिन टाइप-सी आहे. वायफायवाल्यांचे क्रमांक अनुक्रमे एसएम-टी५८० आणि एसएम-टी५१०, तर सिमकार्डवाल्यांचे टी५८५ आणि टी५१५. एकाचे कव्हर दुसऱ्याला नीट बसणार नाही.

वडगावचा वाचक:
दातेरी चाकाचे चिन्ह दाबून यादीच्या अगदी तळाशी जावे. तेथे टॅबच्या माहितीत मॉडेल क्रमांक रोमन अक्षरांतच असतो, त्यामुळे कन्नड लिपीची अडचण येत नाही. तोच क्रमांक मागील बाजूसही बारीक अक्षरांत छापलेला असतो. मोबाइलने फोटो काढून तो मोठा करावा, चाळिशीपेक्षा हे सोयीचे पडते.

खानापूरकर:
फोटोत एसएम-टी५८५ स्पष्ट दिसले. होम बटण तर मी रोजच दाबत होतो! आभारी आहे.